मुंबई ते न्यूयॉर्क, सोळा तास: विमानात शरीराचं काय होतं आणि त्यावर काय करायचं

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारं विमान सुमारे १२,५०० किलोमीटर अंतर कापतं आणि त्याला पंधरा-सोळा तास लागतात. ज्यांची मुलं न्यू जर्सीत किंवा बोस्टनला स्थायिक झाली आहेत, अशा घरांत या प्रवासाची तयारी महिनाभर आधीच सुरू होते. भाजणी दळून आणली जाते, मेतकुटाच्या पुड्या बांधल्या जातात, बॅगा चार-चारदा काट्यावर चढतात. शरीराच्या तयारीबद्दल मात्र दोनच गोष्टी सांगितल्या जातात: मानेची उशी घ्या आणि पाणी भरपूर प्या. हे सल्ले चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. या प्रवासात सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते ती पायांची, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही त्यांच्याकडेच होतं, असं माझं ठाम मत आहे. पायांकडे येण्याआधी विमानातल्या हवेबद्दल थोडं बोलू, कारण बऱ्याच तक्रारींचं मूळ तिच्यात आहे.

कळसूबाईहून उंच

विमान ३५ ते ४० हजार फुटांवरून उडतं. तिथली हवा इतकी विरळ असते की त्या हवेत माणसाची शुद्ध मिनिटभरातच हरपू लागेल. म्हणून केबिनमध्ये दाबाखाली हवा भरलेली असते. पण हा दाब आपल्या घरातल्या हवेइतका ठेवत नाहीत. तसा ठेवायचा तर आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक पेलण्यासाठी विमानाचा सांगाडा आणखी मजबूत, म्हणजेच आणखी जड करावा लागेल. त्यामुळे नियम असा आहे की नेहमीच्या उड्डाणात केबिनमधली हवा ८,००० फूट उंचीवरच्या हवेपेक्षा विरळ होता कामा नये. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट उंच आहे. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या आपण कळसूबाईच्याही वर जाऊन रात्र काढत असतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांचा सांगाडा मुख्यतः कार्बन फायबरचा असल्याने त्यांत ही उंची ६,००० फुटांच्या आसपास ठेवता येते. दोन तिकिटांच्या किमतीत फारसा फरक नसेल तर कोणतं विमान आहे ते पाहून तिकीट काढावं. एवढ्या लांबच्या प्रवासात हा फरक जाणवतो.

८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशच असतो. निरोगी माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर घरी ९७-९८ दिसणारा आकडा विमानात ९० ते ९४ पर्यंत उतरलेला दिसू शकतो. कोविडच्या दिवसांत हा आकडा पाहून आपण घाबरलो असतो, पण विमानात निरोगी माणसाच्या बाबतीत तो अपेक्षितच असतो. थोडी सुस्ती येते, डोकं जड वाटतं. फुप्फुसांचा जुना आजार, हृदयविकार किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्यांनी मात्र तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं, कारण त्यांच्याकडे ऑक्सिजनची मुळात फारशी शिल्लक नसते. गरज असेल तर विमानात ऑक्सिजनची सोय करता येते, पण ती आधी कळवून ठरवावी लागते.

दाब कमी झाला की वायू फुगतो. पोटातलाही. ८,००० फुटांवर तो सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. गुबारा धरतो, ढेकर येत नाहीत, आणि खाण्यात काहीतरी बाधलं असं वाटत राहतं. हे तुम्हाला तिथेच पाहता येईल. विमान उंचावर असताना पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली झाकण घट्ट लावून ठेवून द्या. मुक्कामी पोचेपर्यंत ती चेपलेली असेल. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी छोले, राजमा, उसळी नकोत आणि विमानात सोडा किंवा शीतपेय नको. कपड्यांचाही इथे संबंध आहे. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा नेहमीइतकाच आवळलेला असला तर चार-पाच तासांनी तो रुतायला लागतो. सैल इलास्टिकची सलवार किंवा ट्रॅक पँट घालायला कितीतरी आजी-आजोबांना संकोच वाटतो, पण विमानात अर्ध्याहून जास्त लोक तशाच कपड्यांत असतात.

याच कारणाने एक सूचना अगदी गंभीरपणे घ्यायला हवी. डोळ्याच्या पडद्याच्या काही शस्त्रक्रियांनंतर डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो पूर्ण विरून जाईपर्यंत विमानात बसायचं नाही, नाहीतर तो फुगून डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी जाऊ शकते. मोतीबिंदूच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत असा बुडबुडा सोडत नाहीत. तरीही अलीकडे डोळ्याचं, पोटाचं किंवा छातीचं कोणतंही ऑपरेशन झालं असेल तर शल्यचिकित्सकाला विमानप्रवासाचं नाव घेऊन स्पष्ट विचारा.

कानात दडे बसणं हा घाटातून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीचा प्रकार. कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीने घशाच्या वरच्या भागाशी जोडलेली असते. विमान वर चढताना कानातली जादा हवा या नळीतून सहज बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो आणि बंद पडलेल्या नळीतून हवा आत जात नाही. म्हणून कान दुखतात ते बहुधा उतरताना, आणि झोपेत असाल तर जास्त, कारण झोपेत आपण कमी वेळा गिळतो. उतरायला सुरुवात झाल्याची घोषणा झाली की झोपलेल्या माणसाला उठवा. गोळी चघळा, घोट घोट पाणी प्या. नाक बंद करून तोंड मिटून हलकेच फुंकर मारल्यासारखं करा. हलकेच हा शब्द महत्त्वाचा, जोर लावायचा नाही. तान्ह्या बाळाला याच वेळी अंगावर पाजावं किंवा बाटली द्यावी. जोराची सर्दी असेल तर नाक मोकळं करणारा स्प्रे उतरण्याच्या अर्धा तास आधी मारतात, पण रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी तो डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

कोरडेपणा आणि पाणी

बाहेरची हवा उणे ५० अंशांच्या आसपास असते, आणि इतक्या थंड हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. तीच हवा गरम करून आत घेतली जाते. त्यामुळे केबिनमधली आर्द्रता १० ते २० टक्क्यांपर्यंत खाली येते. मुंबईच्या दमट हवेतून गेलेल्या माणसाला हे लगेच जाणवतं: नाक आतून खरखरतं, ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात.

मात्र त्यामुळे शरीरातलं पाणी झपाट्याने आटतं, हा समज खरा नाही. श्वासावाटे आणि त्वचेवाटे जास्तीचं पाणी जातं ते थोडंच. सुकतं ते नाक, घसा आणि डोळे. त्यांना उपायही तिथल्या तिथे करावा लागतो: नाकात सलाइनचे थेंब, ओठांना व्हॅसलीन, डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब, आणि कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा. लिटरच्या लिटर पाणी ढोसण्याने नाक ओलं होत नाही.

आपल्याकडे अडचण नेमकी उलटी असते. ज्येष्ठ मंडळी, विशेषतः बायका, बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. शेजारच्या अनोळखी माणसाला उठवायचा संकोच, त्या अरुंद दारातून आत जाण्याची धास्ती, आतली कडी नीट लागेल की नाही याची काळजी. मग सोळा तासांत दोन पेले पाणी, आणि पोचल्यावर जळजळ, मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता. यावरचा उपाय तिकिटापासून सुरू होतो: आतल्या वाटेलगतची सीट घ्या. बाथरूमचं दार कसं उघडतं ते घरीच व्हिडिओ दाखवून समजावता येतं. बहुतेक विमानांत ते मधोमध दाबलं की घडी होऊन आत जातं, आणि आतून कडी सरकवली की दिवा लागतो. एवढं माहीत असलं तरी निम्मी धास्ती जाते.

पाय

आता मुख्य मुद्दा. हृदय रक्त पायांकडे ढकलतं, पण पायांतून वर आणण्याचं काम मुख्यतः पोटऱ्यांचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळली की तिच्यातल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांतल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. सोळा तास पाय खाली सोडून बसलं की हा पंप बंद पडतो. रक्त पायांत साचतं, त्यातलं पाणी आजूबाजूच्या पेशींमधल्या जागेत झिरपतं आणि घोटे सुजतात. दोन्ही पायांवर सारखी आलेली ही सूज एक-दोन दिवसांत उतरते, तिला घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं ते रक्ताच्या गुठळीला. साचलेल्या रक्तात पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचे निष्कर्ष जाहीर केले. चार तासांहून जास्त प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो, पण मुळातच तो लहान असल्याने दुप्पट होऊनही सहा हजारांत एक एवढाच राहतो, असं त्यात म्हटलं होतं. ही गोष्ट फक्त विमानाचीही नाही. तासन्‌तास न हलता बसलं तर बसमध्ये, गाडीत, रेल्वेतही तेच होतं. ज्यांना आधी अशी गुठळी झाली आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, नुकतंच मोठं ऑपरेशन झालं आहे, ज्या गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या आहेत, ज्यांचं वजन खूप आहे किंवा ज्या संप्रेरकांच्या गोळ्या घेतात, त्यांना धोका इतरांहून जास्त असतो.

त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि आपल्या आया-आज्यांच्या दृष्टीने मला ती फार मोलाची वाटते. विमानप्रवासात १९० सेंटीमीटरहून उंच माणसांना धोका जास्त असतो, तसाच १६० सेंटीमीटरहून बुटक्या माणसांनाही. उंचांचं कारण उघड आहे, गुडघे पुढच्या सीटला टेकतात. बुटक्यांचं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. विमानातली सीट सरासरी उंचीच्या माणसासाठी केलेली असते. पाच फुटांच्या बाईने पाठ टेकून बसायचं म्हटलं की तिचे पाय जमिनीपर्यंत पोचत नाहीत. चवडा जेमतेम टेकतो, टाच अधांतरी राहते, आणि पायाचं सगळं वजन सीटच्या पुढच्या कडेवर येतं. ती कड गुडघ्याच्या थोडं मागे, मांडीखाली रुतत राहते, नेमकी तिथे जिथून शिरा जातात. पायाला मुंग्या येतात. मग ती बाई पुढे सरकून बसते. पाय टेकतात, पण पाठीचा आधार जातो, आणि चार तासांनी कंबर धरते. तिच्या कंबरदुखीवर सगळे जण बाम सुचवतात, पायांखाली काय आहे हे कुणी वाकून बघत नाही.

उपाय सोपा आहे. हातातली बॅग वरच्या कप्प्यात टाकण्याऐवजी अशी निवडायची की ती पायांखाली आडवी मावेल आणि तिची उंची साधारण वीतभर असेल. आत शाल, स्वेटर यांसारख्या मऊ वस्तू भरायच्या. विमान उंचावर पोचून पट्ट्याचा दिवा विझला की ती पुढच्या सीटखालून ओढून पायांखाली घ्यायची. मांडी सीटला समांतर झाली आणि गुडघ्यामागे हाताची दोन बोटं सहज सरकली की उंची बरोबर. उतरताना बॅग पुन्हा सीटखाली ढकलायची. मात्र समोर भिंत असलेली पहिली रांग घेतली तर उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बॅग वर ठेवावी लागते, हे लक्षात असू द्या.

दुसरं म्हणजे पोटऱ्या चालवणं. टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं वीस-तीस वेळा, जागे असाल तेव्हा दर तासाला. पोटरी आवळलेली हाताला लागली पाहिजे, नुसते पंजे हलवून उपयोग नाही. शक्य तेव्हा उठून मागच्या मोकळ्या जागेपर्यंत फेरी मारा. तिथे सीटच्या पाठीला धरून चवड्यांवर उभं राहून खाली-वर करता येतं. झोपेची गोळी किंवा मद्य घेऊन सात-आठ तास एकाच अवस्थेत पडून राहणं इथे घातक ठरतं.

सीटच्या निवडीला आणखी एक आधार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की गुठळीचा संबंध स्वस्त वर्गाच्या तिकिटाशी असल्याचा पुरावा नाही, पण खिडकीच्या सीटशी आहे. खिडकीत बसलेला माणूस उठतच नाही, एवढंच त्याचं कारण. धोका जास्त असलेल्यांनी गुडघ्याखालपर्यंतचे दाब देणारे मोजे, म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज वापरावेत, असं त्याच सूचना सुचवतात. आणि फक्त गुठळी टाळण्यासाठी म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये, असंही सांगतात. हे मोजे पोटरीचं आणि घोट्याचं माप देऊन घ्यावे लागतात. ते साडीखाली किंवा पँटखाली दिसत नाहीत. पाय सुजायच्या आत, घरूनच घालून निघावं, कारण विमानातल्या जागेत ते चढवणं कठीण असतं. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी किंवा पायांच्या धमन्या अरुंद असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत.

पोचल्यावर एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली, तो भाग गरम लागू लागला, तर वाट पाहत बसू नका. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळात जा. प्रवासानंतर दोन-चार आठवड्यांपर्यंतही हे होऊ शकतं. पाहुणे म्हणून गेलेले आई-वडील तिथल्या खर्चाच्या धाकाने दुखणं लपवतात, म्हणून मुलांनीच विचारत राहायला हवं. विमा उतरवूनच निघायचं, यात तडजोड नको.

झोप, पट्टा, जेवण

मानेची उशी कामाची आहे, पण जाड भाग मानेमागे आला तर डोकं उलट पुढे ढकललं जातं. जाड बाजू हनुवटीखाली घेतली तर डोकं पुढे कलंडत नाही. कमरेच्या खोलगट भागात शालीची गुंडाळी ठेवा. इंजिनाची घरघर ८० डेसिबलच्या आसपास सतत चालू असते, कापसापेक्षा फोमचे इअरप्लग ती चांगली कमी करतात. सीटचा पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा. हवा खवळली की कर्मचारी पट्टे तपासत येतात आणि तो दिसला नाही तर उठवतात. झोपेतही पट्टा बांधलेलाच हवा. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाला अचानक जोराचे हादरे बसले, एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले.

शाकाहारी जेवण किमान २४ तास आधी, शक्यतो तिकीट काढतानाच नोंदवा. ‘एव्हीएमएल’ हा भारतीय पद्धतीच्या शाकाहारी जेवणाचा आणि ‘व्हीजेएमएल’ हा जैन जेवणाचा संकेत आहे. नुसतं ‘हिंदू मील’ म्हणून नोंदवलेलं जेवण शाकाहारी असेलच असं नाही. सोबत दशम्या, खाकरा असं काही कोरडं असू द्या. चटणी-लोणचं हातातल्या बॅगेत नको, ते द्रवपदार्थांच्या १०० मिलिलिटरच्या नियमात अडकतं.

औषधं मात्र सगळी हातातल्या बॅगेतच, मूळ पाकिटांत, चिठ्ठीसह. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नये, गोठलं तर निकामी होतं. पश्चिमेकडे जाताना तो दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबतो, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस कधी आणि किती हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं. विमानात असेपर्यंत हातातलं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवलं तर गोळ्यांचा घोळ होत नाही.

पोचल्यावरची दुपार

मध्यरात्रीनंतर मुंबईहून निघालेलं विमान त्याच तारखेच्या सकाळी न्यूयॉर्कला उतरतं. हिवाळ्यात दोन्हींच्या वेळेत साडेदहा तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेनऊ. मेंदूतलं घड्याळ मात्र मुंबईच्याच वेळेवर चालू असतं, आणि ते रोज सुमारे एक-दीड तासच सरकतं. माणसाच्या या घड्याळाचा दिवस २४ तासांहून किंचित मोठा असतो, म्हणून बहुतेकांना झोप पुढे ढकलणं सोपं जातं आणि लवकर झोपणं अवघड. पश्चिमेकडचा प्रवास त्यामुळे थोडा सुसह्य होतो.

खरी कसोटी दुपारी चारची. तेव्हा हिवाळ्यात मुंबईत पहाटेचे अडीच वाजलेले असतात, आणि शरीर त्या वेळी गाढ झोपायच्या बेतात असतं. या वेळी सोफ्यावर आडवं झालं की रात्री एकला टक्क जाग येते. दोन वाजता जेवून नातवाला घेऊन बाहेर पडावं, उजेडात चालावं. या वेळचा उजेड डोळ्यांवर पडला तर घड्याळ हव्या त्या दिशेने, म्हणजे मागे सरकतं. हिवाळ्यात तिथे साडेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा दोन ते चारची वेळ साधायची. रात्री आठ-नऊपर्यंत तग धरला की पुरे. अगदीच राहवलं नाही तर गजर लावून अर्ध्या तासाची डुलकी घ्यावी. मेलाटोनिनच्या गोळ्या तिकडे दुकानात सहज मिळतात, पण रक्त पातळ करणारी किंवा फिटची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

परतीचा त्रास जास्त होतो. मुंबईत रात्री अकरा वाजता न्यूयॉर्कमध्ये भर दुपार असते, म्हणून झोप येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून डोळे मिटू लागतात. जेवणाच्या वेळा पहिल्या दिवसापासून इथल्याच ठेवाव्यात, दुपारची झोप चाळीस मिनिटांवर जाऊ देऊ नये. साधारण आठवडाभर, साठीच्या पुढच्यांना कधी दहा दिवसही, हे चालतं. त्या दिवसांत स्वतः लांबवर गाडी चालवणं आणि बँकेची महत्त्वाची कामं पुढे ढकललेली बरी.